वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची तातडीची सेवा : रुग्णालयाची भूमिका

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





बाह्यरुग्ण व आंतररुग्ण विभागांचे वर्षभरातील काम आणि लेखापरीक्षित जमाखर्च आपल्या हाती दिलेल्या अहवालात आहेच. त्याची पुनरुक्ती आम्ही करणार नाही. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आजचा वेळ आम्ही एकाच विषयासाठी मागून घेतला आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात करून घेतलेला रुग्ण काही दिवसांनी, काही महिन्यांनी वा काही वर्षांनी अत्यवस्थ होऊन आपल्या आकस्मिक विभागाच्या दारात येतो, तेव्हा त्याचे काय करायचे, हा तो विषय. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खतावणीतून रुग्णालयात आलो, त्यामुळे वैद्यकीय गोष्टी बोलताना जीभ जपून वापरावी लागते. पुढील निवेदनातील वैद्यकीय भाग आपल्या शल्यचिकित्सा विभागाने वाचून दिलेला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पोटावरची चरबी ओढून काढण्याची ही शस्त्रक्रिया आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्या अरुंद नळीची कड स्टेपलच्या टाक्यांनी बंद करतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या बायपासची सुरुवात केली. आता ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि अनुभवी हातांत तिच्यातील मृत्यूचे प्रमाण हजारी एक ते तीन इतके कमी आहे. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, झिजलेले गुडघे यांनी गांजलेल्या माणसाला ती खरोखर नवे आयुष्य देते. आमचे निवेदन या शस्त्रक्रियेविरुद्ध नाही, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. ज्यांना ती सांगितली गेली आहे त्यांनी आमच्या बोलण्याने भिऊन मागे फिरू नये.

गरजूंची संख्याही वाढती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील सुमारे २१ टक्के स्त्रिया व १९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हेच प्रमाण २४ व २३ टक्के झाले. स्थूलता हा शहरातील श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही, हे आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर अर्धा तास बसले तरी कळते.

अडचण शस्त्रक्रियेत नाही, ती संपल्यानंतरच्या व्यवस्थेत आहे. शस्त्रक्रिया पुणे-मुंबईत ‘पॅकेज’ म्हणून ठरते. भूल, शस्त्रक्रिया, खोलीचे भाडे आणि दोन-तीन दिवसांचा मुक्काम त्यात येतो. डिस्चार्ज कार्डावर सही झाली की पॅकेज संपते. शरीराचे तसे नसते. स्लीव्हनंतर शंभरात एक ते तीन रुग्णांच्या टाक्यांमधून गळती होते आणि ती बहुधा रुग्ण घरी पोहोचल्यावरच लक्षात येते. पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे, आणि तेही पुष्कळदा घरी गेल्यानंतरच घडते. पुण्याहून आपल्याकडे येण्यास रुग्णवाहिकेला चार-साडेचार तास लागतात, जाण्यासही तेवढेच. सोलापूर, धाराशिव आणि बीड या तिन्ही जिल्ह्यांतून आपल्याकडे रुग्ण येतात. त्यांना रात्री दोन वाजता पोटात कळ आली, तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्यांच्यासाठी एका फोन क्रमांकाएवढाच उरतो, आणि तो फोन रात्री कोण उचलते हे पॅकेजच्या कागदावर लिहिलेले नसते.

या वर्षातील एक प्रसंग विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी. रुग्णाची ओळख अर्थातच आम्ही देत नाही. शेजारच्या तालुक्यातील, दोन लहान मुलांची आई असलेली एक भगिनी शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी रात्री आपल्याकडे आली. पोटात दुखत होते, पण फार नाही. डाव्या खांद्यात मात्र कळ येत होती. ताप थोडा होता, धाप लागत होती आणि नाडी सव्वाशेच्या वर होती. आपल्याकडे येण्यापूर्वी तिला दोन ठिकाणी नेण्यात आले होते. एके ठिकाणी ‘जिथं ऑपरेशन केलं तिथंच न्या’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी आत घेण्यापूर्वी अनामत रक्कम मागण्यात आली. भावाने ती जमवण्यासाठी रात्री अकरा वाजता दोन नातेवाईकांना उठवले आणि रक्कम अपुरी पडल्याने गाडी आपल्याकडे वळवली. तोवर साडेचार तास गेले होते.

आपल्या ड्युटीवरील निवासी डॉक्टरांनी तिचे पोट दाबून पाहिले. ते फारसे कडक नव्हते. नंतर सर्जनांनी आम्हांस समजावले की, स्थूल व्यक्तीचे पोट आतून बिघडलेले असतानाही हाताला मऊच लागू शकते. अशा रुग्णात पोटापेक्षा नाडीवर अधिक विश्वास ठेवावा. सतत १२० च्या वर राहणारी नाडी म्हणजे, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, गळती किंवा गुठळी. त्या रात्री सर्जनांना घरून बोलावण्यात आले, शिरेतून द्रव व प्रतिजैविके सुरू झाली, गावातील स्कॅन केंद्र उघडवून सीटी स्कॅन करण्यात आला. गळतीच होती. साचलेला पू नळीवाटे बाहेर काढून, रक्तदाब स्थिर करून, दुसऱ्या दिवशी दुपारी भूलतज्ज्ञ सोबत देऊन तिला पुण्यास तिच्या मूळ सर्जनांकडे पाठवण्यात आले. फोनवर त्यांच्याशी रात्रीच बोलणे झाले होते आणि त्यांनी उत्तम सहकार्य केले, हेही सांगितले पाहिजे. तिथे तिला दीर्घकाळ राहावे लागले. गेल्या महिन्यात ती मुलांना घेऊन भेटून गेली. आमच्या मेट्रनबाईंसाठी तिने घरच्या शेंगदाण्यांची पोळी आणली होती.

तिच्या बाबतीत वेळ होता. सर्वच रुग्णांच्या बाबतीत तो नसतो, आणि याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. बायपास झालेल्या रुग्णाच्या आतड्यांची मांडणी बदललेली असल्याने त्यांच्यामध्ये काही फटी राहतात. वजन उतरले, आतली चरबी झडली की या फटी रुंदावतात आणि आतड्याचा एखादा वेढा त्यांत अडकू शकतो. हे वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा घडते. जेवल्यावर कळ येते, थोड्या वेळाने जाते, पुन्हा येते. उलटी होईलच असे नाही. साधा क्ष-किरण निर्दोष दिसू शकतो, स्कॅनसुद्धा कधी फसवतो. ‘पित्त आहे’, ‘गॅस आहे’ असे म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते. आणि अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर ते काही तासांत काळे पडते. स्वीडनमधील बारा केंद्रांतील अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या फटी शिवून बंद केल्या तर तीन वर्षांत आतडे अडकल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर येते, असे त्यात दिसून आले. साडेपाच म्हणजे शून्य नव्हे. असा रुग्ण कळ घेऊन शेवटी घराजवळच्याच डॉक्टरांकडे जाणार, आणि त्या डॉक्टरांना ‘बायपास’ ही गोष्ट कुणीतरी सांगितलेली असली पाहिजे.

इथे शब्दाचाही घोटाळा होतो. एका गृहस्थांच्या मुलाने नोंदणी खिडकीवर ‘वडिलांची बायपास झाली आहे’ असे सांगितले. आपल्या कर्मचाऱ्याने रीतसर हृदयरोगाचा केस पेपर काढला. सिस्टरांनी छातीवरचा व्रण शोधला, तो सापडेना. तेव्हा त्यांनी विचारले, ‘काका, बायपास हृदयाची की पोटाची?’ हा प्रश्न आता आपल्या आकस्मिक विभागात पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णाला विचारला जातो. त्याला पैसा लागत नाही.

पैसा न लागणाऱ्या, किंवा अगदी थोडा लागणाऱ्या, अशा आणखी काही गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे उलट्या होतात, त्याच्या शरीरातील बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा साठा संपतो. हा साठा मुळातच काही आठवडे पुरेल इतकाच असतो. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना वाटते अशक्तपणा आहे, किंवा कुणी काही केले आहे. अशा रुग्णाला थायमिन न देता आधीच ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूची हानी वाढू शकते, आणि ती कायमची राहू शकते. आपल्या ग्रामीण भागात थकलेल्या माणसाला ‘एक बाटली लावा’ ही पहिली मागणी असते, आणि ती बाटली बहुधा ग्लुकोजची असते. थायमिनचे इंजेक्शन अत्यंत स्वस्त आहे. लाखो रुपये खर्चून केलेल्या शस्त्रक्रियेचा रुग्ण एवढ्या स्वस्त औषधाअभावी आयुष्यभरासाठी अपंग होऊ शकतो, हा हिशेब आम्हांस अजून पचलेला नाही. आकस्मिक विभागाच्या कपाटात ही इंजेक्शने आता सदैव ठेवली जातात आणि त्यांचा साठा दर सोमवारी मोजला जातो.

तसेच डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनांचे. बायपास झालेल्या रुग्णाला त्यांनी जोडाच्या ठिकाणी व्रण होतो, तो फुटूही शकतो. धूम्रपान करणाऱ्याला अधिक. ताज्या शस्त्रक्रियेनंतर नाकातून पोटात नळी घालायची ती सर्जनांना विचारल्याखेरीज, अंदाजाने घालायची नाही, कारण नवे टाके तिने फाटू शकतात. या सूचनांचा एक पानी तक्ता आपल्या सर्जनांनी मराठीत तयार केला असून तो आकस्मिक विभागात टेबलाच्या वर भिंतीवर लावलेला आहे. परिसरातील खासगी डॉक्टर बंधूंनाही तो पाठवण्यात आला. काहींनी आणखी प्रती मागवल्या.

साधनसामग्रीचा प्रश्न याहून खर्चिक, पण त्याविषयी बोलण्यास लोक संकोचतात. रक्तदाब मोजण्याचा नेहमीचा पट्टा जाड दंडाला लहान पडतो आणि दाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणजे खचत चाललेल्या रुग्णाचा रक्तदाब कागदावर ठीक दिसतो. स्ट्रेचर, चाकाची खुर्ची, शस्त्रक्रियेचे टेबल, स्कॅनचे टेबल, लिफ्ट या प्रत्येकाची वजन पेलण्याची मर्यादा ठरलेली असते, आणि ती रात्री दोन वाजता शोधत बसण्याची गोष्ट नव्हे. अन्य गावी एका रुग्णास वजनासाठी भुसार मालाच्या काट्यावर नेण्यात आले होते, असे त्याच्या पत्नीने आम्हांस सांगितले. ती सांगत असताना तो गृहस्थ मान खाली घालून बसला होता. आजारी माणसाची अशी शोभा होऊ नये. या वर्षी देणगीदारांच्या साहाय्याने मोठे पट्टे, अधिक वजन पेलणारे एक स्ट्रेचर, एक रुंद खुर्ची आणि जमिनीलगतचा वजनकाटा घेण्यात आला. प्रत्येक साधनावर त्याची मर्यादा मराठीत, ठळक अक्षरांत रंगवून घेतली आहे.

आता अधिक अवघड भागाकडे येतो. आपल्या एका जुन्या देणगीदारांनी आम्हांस पत्र लिहिले. पत्र स्पष्ट होते आणि अशा पत्रांचा आम्हांस आदर वाटतो. त्यांचा आशय असा की, खाऊन-पिऊन वजन वाढवलेल्या, आणि मग काही लाख रुपये मोजून मोठ्या रुग्णालयात ते उतरवणाऱ्या लोकांचा भुर्दंड गोरगरिबांसाठी दिलेल्या देणगीतून का सोसावा? ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेचे पैसे घेतले, त्यानेच पुढचे निस्तरावे.

यातील शेवटचे वाक्य आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याची जबाबदारी डिस्चार्जपाशी संपू नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी या शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे त्याच पथकाकडून पाठपुरावा व्हावा, असे २०१४ सालीच सांगितले आहे. आपल्याकडेही जबाबदार सर्जन तो करतात. परंतु पाठपुरावा हा दिवसाचा, ठरलेल्या वेळेचा असतो. फाटलेला टाका वेळ ठरवून येत नाही. पुण्यातील सर्जन कितीही सज्जन असले तरी साडेचार तासांचे अंतर त्यांना कमी करता येत नाही.

राहिला हौसेचा प्रश्न. आपल्या आकस्मिक विभागात हेल्मेट न घालता पडलेला तरुण येतो. कीटकनाशक प्यालेला शेतकरी येतो. दारूने यकृत गेलेला माणूस येतो. त्यांच्यापैकी कुणालाही दारात ‘हे तुम्ही स्वतःच ओढवून घेतले का’ असे संस्थापकांच्या काळापासून कधी विचारलेले नाही. स्थूल माणसालाच हा प्रश्न का विचारावा, याचे उत्तर आम्हांस मिळालेले नाही. शिवाय ज्या भगिनीचा प्रसंग सांगितला, ती श्रीमंत नव्हती. साखर आटोक्यात येईना, वजनाने गुडघे गेले, मजुरी बंद झाली, म्हणून घरच्यांनी सोने मोडून शस्त्रक्रिया केली होती. पहिल्या खर्चाने रिकामे झालेले घर दुसऱ्या खर्चापुढे उभे असते. गुंतागुंतीच्या वेळी रुग्ण मूळच्यापेक्षा गरीब झालेला असतो, हे साध्या जमाखर्चाच्या रीतीनेही दिसते.

विम्याविषयीही दोन शब्द. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या अटींनुसार, वजनाचा निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून हृदयविकार, तीव्र स्वरूपाचा निद्राश्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे ठरावीक विकार असतील, आणि इतर उपाय निष्फळ ठरले असतील, तर या शस्त्रक्रियेचा खर्च वगळता येत नाही. निर्देशांक म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. एक मीटर साठ सेंटीमीटर उंचीच्या बाईंचे वजन ९० किलो असेल, तर तो साधारण ३५ येतो. आता वैद्यकीय निकष पाहा. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली दिलेल्या शिफारशींनुसार ३५ किंवा त्याहून अधिक असल्यास सर्वांनाच शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीसपासून विचार करता येतो. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने योग्य, पण पॉलिसीच्या दृष्टीने अपात्र, असा मोठा पट्टा मध्ये राहतो. त्या पट्ट्यातील रुग्णाला गुंतागुंत झाली, तर तिचा खर्चही त्याच शस्त्रक्रियेशी निगडित ठरवून दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच पॉलिसी बारकाईने वाचावी, आणि विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाची पावती मिळत नाही.

कायद्याची बाजू तर स्पष्टच आहे. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सांगितले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर प्राण वाचवण्यासाठी तात्काळ मदत देण्याचे कर्तव्य आहे. १९९२ साली बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्या प्रकरणी न्यायालयाने १९९६ साली, वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा निर्णय दिला. आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांवर तर याहूनही अधिक बंधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, एवढे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच योजनेत आणखी एक वाक्य आहे, ते कमी वाचले जाते. आकस्मिक रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यावे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवनरक्षक उपचार द्यावेत, आणि त्याच्याकडून अनामत रक्कम मागू नये. हे वाक्य आम्ही नोंदणी खिडकीच्या आतल्या बाजूस, कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावले आहे. बाहेरच्या बाजूस लावण्यास काही सहकाऱ्यांचा विरोध होता. त्यावर चर्चा होऊन ते आता बाहेरही लावण्यात आले आहे.

आमच्या डॉक्टरांची भीतीही आपल्यासमोर ठेवली पाहिजे. ती खोटी नाही. दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेत हात घातला आणि रुग्ण दगावला, तर दोष शेवटच्या हाताला लागतो. नातेवाईक संतापतात, कधी तोडफोड होते. त्याविरुद्ध २०१० सालचा राज्याचा कायदा आहे, पण कायदा मध्यरात्री दारात उभा नसतो. यावर आपण काढलेला मार्ग असा. रुग्ण आल्यापासून पहिल्या तासात मूळ सर्जनांना फोन, आणि त्याची वेळ केस पेपरवर. नातेवाईकांपैकी एकाच जबाबदार व्यक्तीशी, बसून, साध्या मराठीत बोलणे, आणि बोलल्याची नोंद. रुग्णाला हलवायचे असल्यास प्रकृती स्थिर झाल्यावरच, समोरच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच, आणि सोबत कागदपत्रे देऊनच. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका उपलब्ध आहे. ती किंवा आपली स्वतःची, जी आधी मिळेल ती.

आपल्या मर्यादाही लपवण्याचे कारण नाही. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आपण करत नाही, पुढेही करण्याचा मानस नाही. गळतीवर आतून जाळी बसवण्यासारखे उपचार आपल्याकडे नाहीत. अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या आहेत. परंतु अडकलेले आतडे सोडवणे, पू काढणे, रक्तस्राव थांबवणे, गुठळीवरचे औषध वेळेत सुरू करणे, हे आपले सर्जन, भूलतज्ज्ञ व भिषक करू शकतात आणि करतात. पहिले सहा तास आपले, पुढचे ज्याचे त्याचे, असे आमचे सर्जन म्हणतात.

खर्चाविषयी विश्वस्त मंडळापुढे प्रस्ताव असा आहे की, निर्धन रुग्ण निधीच्या निकषांत न बसणाऱ्या, पण पहिल्या शस्त्रक्रियेने कर्जबाजारी झालेल्या आकस्मिक रुग्णांसाठी देणग्यांतून एक स्वतंत्र खाते ठेवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा विम्यात जे बसेल ते आधी तिथून मिळवावे. उरलेल्याचा भार या खात्यातून उचलावा. खाते केवळ स्थूलतेच्या शस्त्रक्रियेपुरते नसावे, अन्यत्र झालेल्या कोणत्याही शस्त्रक्रियेनंतरच्या तातडीच्या उपचारासाठी असावे, अशी दुरुस्ती एका विश्वस्तांनी सुचवली आहे. आम्हांस ती योग्य वाटते. वैद्यकीय समाजसेविकांनी घरची स्थिती पाहून शिफारस करावी आणि खात्याचा तपशील दर तिमाहीस देणगीदारांना पाठवावा.

उपस्थित आप्तेष्टांना एक विनंती. आपल्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरत असेल, तर सही करण्यापूर्वी विचारा : रात्री कुणाला फोन करायचा? गुंतागुंत झाली तर पॅकेजमध्ये किती दिवसांपर्यंतचा उपचार धरला आहे? शस्त्रक्रियेचा सविस्तर कागद, म्हणजे कोणता प्रकार केला, फटी शिवल्या की नाही, तो आमच्या हाती मिळणार का? आणि झाली असेल, तर तो कागद कपाटात न ठेवता त्याची प्रत रुग्णाच्या पाकिटात ठेवा. मूल होण्याचा विचार करणाऱ्या भगिनींनी शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबावे, असे डॉक्टर सांगतात. पुढे दिवस राहिल्यावर पोटात कळ आली, तर ती बाळंतपणाची म्हणून अंगावर काढू नये.

ज्यांची अशी शस्त्रक्रिया अन्यत्र झालेली आहे, त्यांची नाव-पत्त्यासह नोंद करून ठेवण्याची सोय आपल्या रुग्णालयात सुरू झाली आहे. शुल्क नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊन नोंदणी खिडकी क्रमांक तीनवर यावे. सिस्टर ती पाहून एक पिवळे कार्ड देतात, त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, मूळ सर्जनांचा फोन आणि टाळावयाची औषधे लिहिलेली असतात. आज सभागृहाबाहेरच्या टेबलावरही ही नोंदणी ठेवली असून चहापानाच्या वेळात ती करता येईल.